हलक्या ब्लॉकची भिंत : भार कमी झाला, पण आवाजाचे काय?

नांदेड-लातूर भागात आज घर बांधणारा माणूस वीटभट्टीवर जाण्याआधी एकदा तरी हलक्या सिमेंट ब्लॉकची चौकशी करतो. नायगाव, नरसी, देगलूरच्या रस्त्याला लागून होणाऱ्या नव्या बांधकामांवरही हा ब्लॉक आता अनोळखी राहिलेला नाही. एक ब्लॉक बसवला की सात-आठ विटांचे काम होते, मजुरी वाचते, भिंत सरळ येते आणि उन्हाळ्यात घर थोडे थंड राहते. हे सर्व फायदे खरे आहेत. परंतु घरात राहायला गेल्यावर अनेकांची एक तक्रार सुरू होते, ती म्हणजे शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येते, रस्त्यावरचा ट्रक घरात आल्यासारखा वाटतो आणि आपल्या घरातले बोलणेही बाहेर जाते.

ज्यांचे दुकान पुढे आणि घर मागे आहे, किंवा खाली कारखाना आणि वर कुटुंब आहे, अशा व्यापारी व कारागीर बांधवांना हा प्रश्न अधिक जाणवतो. गिऱ्हाईक दुकानात उभे आणि आतले घरगुती बोलणे त्याच्या कानावर, हे कोणालाच आवडणार नाही. तेव्हा हलका ब्लॉक आवाज अडवतो की नाही, अडवत नसेल तर का, आणि त्यावर कमी खर्चाचा उपाय कोणता, हे समजून घेणे घरमालकाला जितके आवश्यक आहे तितकेच गवंडी, सुतार आणि ब्लॉक विकणाऱ्या व्यापाऱ्यालाही आहे.

हलक्या भिंतीची गरज का पडली?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप मराठवाडा विसरणार नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे दगावली. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, असे घर अंगावर कोसळल्यामुळे मनुष्यहानी इतकी मोठी झाली. भूकंपाचा धक्का घराच्या वजनाच्या प्रमाणात बसतो. घर जितके जड, तितका मार मोठा. त्यानंतर पुनर्वसनाच्या अनेक गावांत सिमेंट काँक्रीटच्या ब्लॉकची घरे उभी राहिली आणि ब्लॉक हा प्रकार खेड्यापर्यंत पोहोचला.

पण त्या जुन्या जाड भिंतींचा एक गुण होता. शेजारच्या घरात काय चालले आहे, याचा पत्ता लागत नसे. भिंत हलकी झाली तेव्हा धोका कमी झाला आणि त्याबरोबर ही आडकाठीही कमी झाली. कारण भूकंपात जे वजन घातक ठरते, तेच वजन आवाज अडवते.

ब्लॉक कोणता, ते आधी ओळखा

बाजारात अनेक वस्तू ‘हलका ब्लॉक’ या एकाच नावाने विकल्या जातात. त्यांच्यातला फरक कळला पाहिजे.

पहिला प्रकार ए.ए.सी. ब्लॉक. सिमेंट, चुना, जिप्सम आणि वाळू किंवा औष्णिक वीज केंद्रातली राख यांच्या पातळ मिश्रणात थोडी अॅल्युमिनियमची पूड टाकतात. त्यातून वायू तयार होऊन मिश्रण पिठासारखे फुगते. मग त्याचे तुकडे कापून बंद भट्टीत दाबाखालच्या वाफेवर पक्के करतात. स्वीडनचे वास्तुतज्ज्ञ योहान अॅक्सेल एरिक्सन यांनी १९२० च्या दशकात ही रीत शोधली. महाराष्ट्रात बी. जी. शिर्के यांच्या उद्योगसमूहाने १९७० च्या दशकात पुण्यात ‘सिपोरेक्स’ नावाने हा माल आणला, म्हणून जुने ठेकेदार आजही कोणत्याही ए.ए.सी. ब्लॉकला ‘सिपोरेक्स’च म्हणतात. याचे वजन घनमीटरला साधारण ५५० ते ७०० किलो असते. विटेचे १८०० च्या आसपास असते.

दुसरा सी.एल.सी. ब्लॉक. यात साबणासारखा फेस सिमेंटच्या मिश्रणात मिसळतात आणि वाफेच्या भट्टीऐवजी पाणी मारून तो पक्का करतात. याचे वजन ८०० किलोपासून पुढे, बनवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. तिसरा पोकळ काँक्रीट ब्लॉक. त्याचे काँक्रीट जडच असते, फक्त मध्ये पोकळी असते. चौथी राखेची वीट. तिला अनेकजण हलकी समजतात, पण ती मातीच्या विटेइतकीच जड असते. आपल्याकडे परळीच्या औष्णिक केंद्रामुळे ही राख ओळखीची आहे, पण राख वापरली म्हणजे माल हलका झाला, असे होत नाही.

या लेखात मुख्यतः ए.ए.सी. ब्लॉकचा विचार केला आहे.

वजनाचा हिशेब

आवाज म्हणजे हवेचा कंप. तो भिंतीवर आदळतो, भिंत अगदी सूक्ष्म हलते आणि पलीकडची हवा हलवते. जड भिंत हलायला कठीण, हलकी भिंत हलायला सोपी. एकसंध भिंतीचे वजन दुप्पट केले, तर आवाज साधारण ५ ते ६ डेसिबलने जास्त अडतो. डेसिबल हे आवाज मोजण्याचे माप आहे आणि १० डेसिबलचा फरक कानाला सुमारे निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटतो.

आता दहा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत घ्या. नऊ इंची विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली असेल, तर तिचे वजन सव्वाचार टनांच्या आसपास भरते. तीच भिंत आठ इंची ए.ए.सी. ब्लॉकची असेल तर गिलाव्यासह दीड टन आणि चार इंची ब्लॉकची असेल तर एक टन. विटेची भिंत सुमारे ५० डेसिबल अडवते, आठ इंची ब्लॉकची ४३ ते ४५ आणि चार इंची ब्लॉकची ३८ ते ४०. हे आकडे काम नीट झाले असेल तरचे आहेत.

याचा अर्थ रोजच्या भाषेत असा. ३५ डेसिबल अडवणाऱ्या भिंतीपलीकडचे मोठ्याने बोललेले ऐकू येते, शब्द मात्र नीट कळत नाहीत. ४५ ला मोठे बोलणे कान देऊन ऐकावे लागते. ५० ला ते ऐकू येत नाही. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेतही दोन वेगवेगळ्या घरांच्या राहत्या खोल्यांमध्ये ५० डेसिबलची आणि एकाच घरातल्या दोन खोल्यांमध्ये ३५ डेसिबलची अपेक्षा ठेवलेली आहे. म्हणजे घरातल्या खोल्यांना चार इंची ब्लॉक पुरतो. दोन बिऱ्हाडांमध्ये किंवा घर आणि दुकान यांच्यामध्ये तो पुरत नाही. अनेक ठिकाणी नेमकी हीच चूक होते. सगळीकडे एकच ब्लॉक लावून ठेकेदार मोकळा होतो.

‘ब्लॉकमध्ये हवेचे बुडबुडे आहेत, ते आवाज पिऊन टाकतात’ असे विक्रेते सांगतात. यात थोडे तथ्य आहे. ए.ए.सी. ब्लॉक त्याच्या वजनाच्या मानाने किंचित बरे काम देतो. पण बुडबुडे वजनाची जागा घेऊ शकत नाहीत. हा ब्लॉक उष्णता चांगली अडवतो, म्हणून तो आवाजही तितकाच अडवेल, असा समज करून घेऊ नये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गिलाव्याचे महत्त्वही याच हिशेबातून कळते. चार इंची ब्लॉकच्या त्या भिंतीचे नुसते वजन साडेपाचशे किलोच्या आसपास असते. दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा इंच गिलावा त्यात चारशे किलोंहून जास्त भर घालतो. ‘ब्लॉक इतका सरळ आहे की नुसती पुट्टी मारून चालेल’ असे म्हणून गिलावा गाळला, तर भिंतीचे बळ जवळपास निम्म्यावर येते.

खरी गळती सांध्यांतून

वजनाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे फटी. आवाज पाण्यासारखा असतो, वाट मिळेल तिथून जातो. शंभर चौरस फुटांच्या भिंतीत एक चौरस फूट उघडे राहिले, तर ती भिंत विटेची असो की दगडाची, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. तीन फुटी दाराखाली अर्ध्या इंचाची फट असली, तर एवढ्यानेच ४५ ची भिंत ३० च्या खाली येते. म्हणून भिंत जाड करण्याआधी फटी बंद करा. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

गवंडी बांधवांनी पुढील जागा नीट पाहाव्यात.

१. उभे सांधे. आडव्या थराला माल भरपूर लावला जातो, पण दोन ब्लॉकमधला उभा सांधा वरवर बुजवला जातो. तो आतपर्यंत भरला पाहिजे. ब्लॉकच्या चिकट मसाल्याचा सांधा तीन-चार मिलिमीटरचा असतो, म्हणून ब्लॉकच्या कडा तुटलेल्या नसाव्यात.

२. बीमखालची जागा. बीम किंचित वाकला तरी भिंतीवर भार येऊ नये म्हणून वर थोडी जागा सोडतात. ती जागा कागद किंवा विटांचे तुकडे कोंबून झाकतात आणि आवाज तिथून बिनदिक्कत जातो. तिथे मिनरल वूल दाबून भरावे आणि दोन्ही बाजूंनी लवचीक सीलंट लावावे. नुसता फोम मारून भागत नाही, कारण फोमला वजन नसते.

३. खांब आणि भिंतीचा जोड. येथे हटकून चीर पडते. गिलाव्याआधी कोंबडीजाळी मारावी. गिलावा फार कडक मालाचा करू नये आणि भिंत पुरती वाळल्याशिवाय घाई करू नये. ब्लॉक पाण्यात बुडवून ठेवू नये, पृष्ठभाग ओलसर करणे पुरे.

४. विजेच्या पेट्या. सामाईक भिंतीत दोन्ही बाजूंना समोरासमोर स्विचची पेटी बसवली, की चार इंची भिंतीत जवळपास आरपार भोक तयार होते. दोन पेट्यांमध्ये निदान दोन फुटांचे अंतर ठेवावे आणि नळीभोवतीची खाच मालाने घट्ट भरावी.

तपासण्याची रीत सोपी आहे. रात्री एका खोलीत दिवा लावा, दुसरीत अंधार करा. जिथून उजेड दिसतो, तिथून आवाज येतो. दाराशी उदबत्ती धरली तर धुराची दिशाही फट दाखवते.

पत्र्याच्या घरांचा वेगळा प्रश्न

आपल्या भागात अनेक घरे आणि दुकानांचे गाळे पत्र्याचे आहेत. एका ओळीत चार-पाच खोल्या असतात, मधल्या भिंती बांधलेल्या असतात, पण त्या पत्र्यापर्यंत पोहोचत नाहीत. वर वीतभर जागा मोकळी राहते. अशा घरात भिंत कितीही चांगली असली तरी उपयोग नाही, कारण आवाज वरून उडी मारून जातो. मधली भिंत पत्र्याच्या पन्हाळीपर्यंत चढवून वरची फट बंद करणे, हे येथले पहिले काम. त्यानंतर छताखाली जिप्सम बोर्ड आणि वर मिनरल वूल टाकले तर पावसाचा आवाज आणि उन्हाची धगही कमी होते.

नवीन घर बांधताना

सर्व भिंती जड करणे हा उपाय नाही. भूकंपाचा धडा विसरून चालणार नाही. वजन जिथे हवे तिथेच द्यावे, हे सूत्र ठेवावे. घरातल्या मधल्या भिंतींना चार इंची ब्लॉक, रस्त्याकडच्या भिंतीला आठ इंची आणि शेजाऱ्याशी किंवा दुकानाशी सामाईक असलेल्या एका भिंतीला विशेष उपचार, अशी विभागणी करता येते.

त्या एका भिंतीसाठी दोन पर्याय आहेत. तळमजल्यावर, खाली पाया असेल तर, तेवढी भिंत विटेची करावी. वरच्या मजल्यावर मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय जड भिंत चढवू नये, कारण बीम त्या वजनाचा धरलेला नसतो.

दुसरा पर्याय दुहेरी भिंतीचा. चार इंची ब्लॉकच्या दोन स्वतंत्र भिंती, मध्ये दोन-तीन इंचांची पोकळी आणि त्यात मिनरल वूल. आठ इंची एका भिंतीला जितका ब्लॉक लागतो, तितकाच येथेही लागतो, पण आवाज ५० डेसिबलच्या घरात अडवता येतो. पहिल्या भिंतीच्या कंपाला दुसरीपर्यंत घट्ट वाट मिळत नाही, हे त्याचे कारण. अट एकच आहे, दोन भिंती कुठेही एकमेकींना चिकटता कामा नयेत. पोकळीत पडलेला मालाचा गोळा किंवा आडवा टाकलेला ब्लॉकचा तुकडा सारी मेहनत वाया घालवतो. मात्र चार इंची भिंत एकटी नाजूक असते. म्हणून प्रत्येक भिंत खांबांशी आणि खिडकीच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यांशी इंजिनिअरच्या सल्ल्याने बांधून घ्यावी.

खोल्यांची मांडणीही महत्त्वाची. नांदेड-नरसी रस्त्यासारख्या रहदारीच्या रस्त्यावर घर असेल, तर झोपण्याची खोली मागे घ्यावी, पुढे दुकान, जिना, न्हाणीघर, कोठीची खोली येऊ द्यावी. साध्या एकेरी काचेची सरकती खिडकी २५ डेसिबलच्या आसपासच अडवते. म्हणून रस्त्याच्या बाजूला खिडकी लहान, रबरी पट्टीची आणि बिजागरीवर बंद होणारी असावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खिडकी बंद ठेवून राहता येत नाही. तेव्हा वाऱ्याची खिडकी मागच्या अंगणाकडे काढणे हाच खरा उपाय.

बांधून झालेल्या घरासाठी

ज्यांचे घर आधीच झाले आहे, त्यांनी प्रथम फटी बुजवाव्यात, दाराखाली रबरी पट्टी लावावी आणि पोकळ दाराऐवजी भरीव दार बसवावे. एवढ्याने भागले नाही, तर सामाईक भिंतीला आतून एक जोडभिंत करता येते. भिंतीपासून बोटभर अंतर सोडून पत्र्याच्या पट्ट्यांची किंवा लाकडाची चौकट उभी करावी, तीत दोन इंच मिनरल वूल भरावे आणि वर जिप्सम बोर्डाचे दोन थर सांधे चुकवून मारावेत. कडा सीलंटने बंद कराव्यात. खोलीची चार-साडेचार इंच जागा जाते, पण साधारण दहा डेसिबलचा फायदा होतो. काचेचे किंवा दगडाचे वूल हाताळताना हातमोजे आणि तोंडाला फडके आवश्यक आहे.

खाली कारखाना, वर घर

शिलाई मशीन, पिठाची चक्की, लाकूड कापण्याचे यंत्र यांचा आवाज हवेतून जातो, तसाच फरशीतून आणि खांबांतूनही जातो. अशा कंपाला भिंतीवर कितीही खर्च केला तरी अडवता येत नाही. तो यंत्राच्या पायाशीच अडवावा लागतो. यंत्राखाली जाड रबराचे ठोकळे द्यावेत. चक्कीचा ओटा भिंतीपासून आणि घराच्या पायापासून वेगळा ठेवावा. मशीनचे टेबल भिंतीला टेकवू नये, यंत्राची पट्टी किंवा नळी हलक्या भिंतीत ठोकू नये. हा बदल एका दिवसाचा आहे आणि शेजाऱ्याशी होणारे अनेक तंटे त्याने मिटू शकतात. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हेही कारखानदारांनी लक्षात ठेवावे.

या गोष्टींवर पैसा घालवू नका

भिंतीला थर्माकोल किंवा अंड्यांचे पुठ्ठे लावल्याने पलीकडचा आवाज अडत नाही. थर्माकोलला वजन नाही आणि त्याला आग लवकर लागते. गालिचा, जाड पडदे, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या गाद्या यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, खोली शांत वाटते, पण शेजारचे बोलणे थांबत नाही. घुमारा कमी करणे आणि आवाज अडवणे ही दोन निराळी कामे आहेत. तसेच डी.जे.चा धमाका, जनरेटरची घरघर असा खालच्या सुराचा आवाज हलक्या भिंतीतून सर्वांत सहज जातो. तो पूर्ण बंद करण्याची हमी कोणी देत असेल, तर त्याच्यापासून सावध राहावे.

धंद्याच्या दृष्टीने

जो गवंडी उभा सांधा भरून देतो, बीमखालची फट नीट बंद करतो आणि मालकाला कोणती भिंत कशाची करावी हे आधी सांगतो, त्याचे नाव एका घरावरून दुसऱ्या घरावर जाते. जिप्समचे काम करणारे, सुतार, अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारे यांनाही यात नवे काम आहे. मात्र अंदाजपत्रक देताना सांधे, जाळी, सीलंट आणि दोन्ही बाजूंचा गिलावा वेगवेगळा लिहून द्यावा. म्हणजे स्वस्त भाव सांगून याच गोष्टी गाळणाऱ्याशी तुमची तुलना होणार नाही.

व्यापाऱ्यांनी ‘साउंडप्रूफ ब्लॉक’ असा फलक लावू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा दोष मानला आहे. मालाची घनता, भारतीय मानकाचा शिक्का आणि जाडी ही माहिती गिऱ्हाईकाला खरी सांगावी. ‘हा ब्लॉक हलका आहे, उष्णता अडवतो, आवाजासाठी मात्र या-या गोष्टी कराव्या लागतील’ असे सांगितल्याने एखादा सौदा उशिरा होईल, पण तक्रार घेऊन कोणी दुकानाच्या पायरीवर येणार नाही.

घरमालकाने चुन्याची रेघ मारतानाच एक प्रश्न विचारावा, ‘या भिंतीच्या पलीकडे कोण राहणार?’ आपलीच माणसे असतील तर चार इंची पुरे. शेजारी, गिऱ्हाईक किंवा यंत्र असेल तर त्या एका भिंतीचा वेगळा विचार त्याच दिवशी करावा. गिलावा झाल्यावर हेच काम दुप्पट खर्चाचे होते.